संशयाची फळी

मशीन आलं तेव्हा शेडमधल्या बायकांना वाटलं, आलंय तसं पडून राहील. मागे पंखे आले होते, ते अजून पुठ्ठ्यातच होते. पण मशीन सुरू झालं, आणि झालं ते असं की संत्री आपली आपणच लहानमोठी होऊन वेगवेगळ्या पट्ट्यांवरून घरंगळायला लागली. बायका हात पोटाशी धरून बघत राहिल्या. ज्या कामापायी त्यांच्या माना आखडल्या, पोटऱ्यांच्या शिरा फुगल्या, ते काम पट्टा हसतखेळत उरकत होता, आणि त्याला ना चहा लागत होता ना मध्येच बाहेर जाऊन येणं.

"त्याला डोळे कुठायत पण," एक म्हातारी म्हणाली.

ते खरं होतं. मशीन आकार बघायचं, डाग बघायचं नाही. डाग बघायला बायका लागणारच होत्या. पण आता थोड्याच.

साहेबाने एके दिवशी सगळ्यांना वजनकाट्यापाशी उभं केलं. माणूस वाईट नव्हता. त्याचं पोट सारखं दुखायचं आणि तो एक हात पोटावर दाबूनच बोलायचा. "माल आता बाहेरच्या देशांत जाणार," तो म्हणाला, "खोक्यावर सगळं इंग्रजीत असणार. जी बाई फळ बघेल तीच लेबल लावेल. तेव्हा इंग्रजी वाचणाऱ्या बायका ठेवा, असं वरून आलंय. परीक्षा होईल. सोपी आहे, गाळलेल्या जागा भरायच्या. पास होतील त्या राहतील. बाकीच्यांचं निकाल लागला की बघू."

बघू म्हणजे काय, ते सगळ्यांना कळलं. थोरलीने शेजारी उभ्या असलेल्या धाकटीकडे बघितलं नाही. धाकटीनेही तिच्याकडे बघितलं नाही.

या दोघी सख्ख्या जावा. एका घरात राहायच्या, एका चुलीवर रांधायच्या आणि शेडमध्ये पट्ट्याच्या अल्याडपल्याड समोरासमोर उभ्या असायच्या. धाकटी लग्न होऊन आली तेव्हा थोरलीनेच तिला कामाला लावलं, फळ कसं धरायचं ते शिकवलं. बोटांनी दाबायचं नाही, अंगठा देठाभोवती नुसता फिरवायचा. संत्रं नासतं ते देठाकडून. वरून कितीही तुकतुकीत असो, देठाशी अंगठा जरा जरी आत गेला तर समजायचं, हे गेलं.

दोघींच्या मध्ये पट्ट्यावर एक अरुंद फळी ठोकलेली होती. तिला सगळ्या संशयाची फळी म्हणायच्या. चांगलं फळ उजवीकडे, नासकं डावीकडच्या डब्यात, आणि ज्याच्याबद्दल मन ग्वाही देत नाही ते फळीवर, देठ वर करून. मग समोरची ते उचलायची, अंगठा फिरवायची, वास घ्यायची आणि काय ते ठरवायची. तिलाही उमगलं नाही तर मुकादमीण यायची. तिच्या तोंडात कायम शिट्टी, म्हणून तिचं नाव शिट्टीच पडलं होतं. फळीवर ठेवण्यात कमीपणा नव्हता. संशय असूनही पुढे ढकललं, तर मात्र शिट्टी चारचौघींत उभी-आडवी हजेरी घ्यायची.

धाकटीने नवी असताना एकदा तसं केलं होतं. एक फळ गेलं आणि सबंध खोकं बुरशीने हिरवं होऊन परत आलं. त्या दिवशी सगळ्या ओळीला उन्हात उभं केलं होतं. धाकटी रडत होती. थोरली तिला म्हणाली होती, "शंका आली की हात आवरायचा. एकटीने ठरवायचं नाही. एवढं पाळलंस तर इथे म्हातारी होशील."

आता म्हातारं व्हायचीसुद्धा परीक्षा होती.

थोरलीला ती टाळून चालणार नव्हतं. तिचा नवरा त्याच शेडच्या धक्क्यावर हमाल होता. गाडी भरताना फळकुटावरून पाय घसरला, खोक्यांसकट खाली आला, आणि तेव्हापासून भिंतीकडेला अंथरुणावर होता. आता काठी घेऊन अंगणापर्यंत यायचा. डॉक्टरने स्वच्छ सांगितलं होतं, यापुढे ओझं उचलायचं नाही, उचललंस तर पाय जातील. धाकटीचा नवरा ट्रकवर लांब लांब असायचा. त्याच्याकडून आलं तर आलं. घर चालत होतं ते दोन बायकांच्या अंगठ्यांवर. त्यातला एक गेला तर नवरा पुन्हा धक्क्यावर जाणार, हे थोरलीला ठाऊक होतं. तो तसाच होता. हमालांचा मुकादम दोनदा येऊन गेला होता, दारातच टेकला होता.

"गड्या, गाड्या लागल्यात. माणूस मिळेना. हळूहळू भर, कोण घाई करतंय."

"हिची परीक्षा आहे," नवरा म्हणाला होता. "तिचं काय ते होऊ दे. मग सांगतो."

त्या रात्रीपासून थोरली अभ्यासाला बसली.

तिला इंग्रजी अगदीच येत नव्हतं असं नाही. शाळेत सातवीपर्यंत गेली होती, अक्षरं खोक्यांवर रोज बघत होती. पण अक्षरं ओळखणं वेगळं नि वाक्य लागणं वेगळं. धाकटी शाळेच्या शेवटच्या वर्गापर्यंत गेलेली. गणितात आपटली, पण इंग्रजीत पास होती. बाजारातून तिने जुन्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा आणला. संध्याकाळी ती पीठ मळायला बसली की थोरली तिच्यासमोर कागद घेऊन बसायची. दिवसभर उभं राहून पाय ठणकत असायचे, ते लांब करून.

"आधी वाक्य सबंध वाचा, ताई. जागा सोडून."

"जिथे शब्दच नाही तिथे काय वाचू?"

"तिथे जरा थांबायचं नि पुढे जायचं. दात पडलेला माणूस बोलतो तसं."

थोरलीने वाचलं. कीप द बॉक्सेस इन अ, मग थांबली, मग प्लेस. खोकी अमक्या जागी ठेवा. कसल्या जागी, ते खाली चार शब्दांत होतं. कूल, अँग्री, हंग्री, लेट.

"आता यातले उघड नासके काढा."

"नासके?"

"तुमच्या भाषेत सांगतेय."

थोरलीने कागद दिव्याकडे धरला. "जागा काही रागावत नाही. तिला भूकही लागत नाही. उशीर आपल्याला होतो, जागेला कसला होणार. कूल."

"बघा. उगाच घाबरत होता."

पण सगळे प्रश्न असे गुणाचे नव्हते. पुढे पुढे चारही शब्द एका घरातले निघायचे, चौघांचं तोंड सारखं. मोडलं, फाटलं, चेपलं, सांडलं, असे चार. खोकं फाटलं असेल तर कुठला, काच असेल तर कुठला, हे धाकटी एकेक करून सांगायची. ब्रूज्ड हा शब्द थोरलीच्या डोक्यात शिरेना. "मुका मार हो, ताई. वरून कातडी शाबूत नि आतून दुखावलेलं. फळाला होतं, माणसालाही होतं."

"म्हणजे मी ब्रूज्ड," भिंतीकडून नवरा म्हणाला.

"तुम्ही ब्रोकन आहात, भाऊजी," धाकटी बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

मग नवराच हसायला लागला, आणि हसताना कमरेत कळ आली तसा विव्हळला, आणि विव्हळत हसत राहिला. थोरलीने उठून त्याला कुशीवर वळवलं. ते दोन्ही शब्द ती पुन्हा कधी विसरली नाही.

कागदांमागून कागद झाले. थोरली दिवसा फळं निवडायची, रात्री शब्द. चारांतले दोन ती आता चटकन काढायची. उरलेल्या दोहोंशी येऊन गाडं अडायचं. कधी हा बरा वाटायचा, कधी तो. मग ती कागद धाकटीकडे सरकवायची. धाकटी पिठाच्या बोटाने एकावर टिचकी मारायची, का तेही सांगायची, आणि थोरली पुढच्या वाक्याकडे वळायची. रोज असंच चाललं. दोघींपैकी कुणालाच यात काही वावगं वाटलं नाही. वाटणार कसं, इतकी वर्षं त्या दुसरं काय करत होत्या.

सुट्टीच्या सकाळी परीक्षा झाली. गावच्या शाळेत, लहान मुलांच्या बाकांवर. बायकांचे गुडघे बाकाखाली मावेनात. सगळ्या तिरक्या बसल्या होत्या. वर पत्रा, खिडक्या एकाच बाजूला. नंबराप्रमाणे बसवलं, धाकटी पार दुसऱ्या टोकाला गेली. शिट्टीही परीक्षेला बसली होती, आणि आज तिच्या तोंडात शिट्टी नसल्यामुळे तिचं तोंड कसंनुसं दिसत होतं. शहरातून आलेला एक पोरसवदा कारकून कागद वाटत होता. थोरलीच्या बोटांना फळांवरच्या मेणाचा थर चढलेला, पेन निसटून दोनदा खाली पडलं. दुसऱ्यांदा कारकुनाने उचलून दिलं. "मावशी, नीट धरा," तो म्हणाला. पुढच्या बाकावरच्या दोघी हसल्या. थोरलीला कानशिलं तापल्यासारखं झालं.

पण कागद वाचायला लागली आणि जरा धीर आला. ओळखीची वाक्यं होती. खोकं थंड जागी ठेवण्याचं होतं. फाटलेल्या पिशवीचं होतं. मुका मार बसलेल्या फळाचं तर होतंच. तिथे तिने शब्द लिहिला आणि मनातल्या मनात नवऱ्याला सांगितलं, बघा, आला तुमचा.

मग एक आलं: पावसामुळे माल अमका झाला. डिलेड, डिनाइड, फ्लाइंग, हॅपी. शेवटचे दोन तिने तिथल्या तिथे काढले. राहिलेले दोन जुळ्या भावांसारखे तिच्याकडे बघत राहिले. एक म्हणजे उशीर झालेला आणि एक म्हणजे नाकारलेला, हे तिला आठवलं. कुठला कोणता, ते काही केल्या आठवेना. पेन एका शब्दावर गेलं, दुसऱ्यावर गेलं. हात आवरला. तिने दोन्ही शब्दांपुढे बारीक टिंब दिलं आणि ती पुढे गेली.

तशी पुष्कळ वाक्यं निघाली. प्रत्येक ठिकाणी तिने इमानाने दोन नासके काढले, दोघांपुढे टिंबं दिली आणि जागा कोरी सोडली. वेळ संपत आला तशी आजूबाजूच्या बायकांची घाई उडाली. शेजारची तर वाचतही नव्हती, नुसती लिहीत सुटली होती. थोरलीला तिची कीव आली. मन लावून अभ्यास केला नाही की असं होतं. ती हात जुळवून बसून राहिली.

कारकून आला. "झालं, मावशी?"

"माझ्याकडून झालं," थोरली म्हणाली.

त्याने कागद घेतला आणि गठ्ठ्यात घातला.

फाटकाबाहेर धाकटी उभी होती, उन्हात डोळे बारीक करून. "कसा गेला?"

"बरा गेला. होईल बहुतेक. जे नक्की नव्हते ते फळीवर ठेवलेत."

"म्हणजे?"

"दोन-दोनवर आणून ठेवलेत. टिंबं दिलीत. तपासणाऱ्याला कळेल मी कुठे अडले ते."

धाकटी चालता चालता थबकली. किती जागा, हे तिला विचारायचं होतं, पण थोरलीच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांनी जरा उजेड आला होता. "चला, ऊन लागतंय," एवढंच ती म्हणाली.

निकालापर्यंतचे दिवस धाकटीने कसे काढले ते तिचं तिला ठाऊक. ती थोरलीच्या हातातली पाण्याची कळशी काढून घ्यायची. भांडी घासू द्यायची नाही. "एवढं काय चाललंय तुझं," थोरली म्हणायची, आणि तिला वाटायचं, पोरीला स्वतःच्या निकालाची धास्ती आहे. ती उलट धाकटीलाच धीर द्यायची. नवऱ्यालाही तिने सांगितलं होतं, होईल म्हणून. दुसऱ्या दिवसापासून तो काठी घेऊन अंगणात दोन फेऱ्या जास्त मारू लागला. मुकादम फिरकला तेव्हा त्याने त्याला बाहेरूनच परत लावून दिलं. ते सगळं धाकटी आतून ऐकत होती.

निकाल शेडच्या दाराला डकवला. धाकटीचा नंबर होता. शिट्टीचा होता. जी न वाचता लिहीत सुटली होती, तिचाही होता. थोरलीने यादी वरून खाली वाचली, खालून वर वाचली. मग ती साहेबाच्या खोलीत गेली. आत जायला तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि कुणी अडवलंही नाही.

साहेबाने गठ्ठ्यातून तिचा कागद शोधून काढला. "थोडक्यात हुकलंय," तो म्हणाला. "एवढ्या जागा कोऱ्या का सोडल्या?"

"त्या सोडलेल्या नाहीत, साहेब. दोन-दोनवर आणल्यात. टिंबं बघा की."

त्याने टिंबं बघितली. बराच वेळ बघितली. "अहो, मग त्यातला एक लिहायचा."

"चुकला असता तर?"

"तर चुकला असता. चुकीला काही कापत नव्हते. निम्मे तरी बरोबर आलेच असते, पास झाला असता."

थोरली उभीच राहिली. चुकीला काही कापत नव्हते, हे वाक्य तिला इंग्रजीपेक्षा अवघड गेलं. "आता सांगते ना," ती म्हणाली. "तुम्ही विचारा. एकेक सांगते."

"मावशी, हे वर जातं," साहेब म्हणाला. त्याने पोट दाबून धरलं होतं. "माझ्या हातात असतं तर. इतकी वर्षं बघतोय तुमचं काम, मला कळत नाही का."

कळत होतं तर मग. त्याचं तिला जास्तच लागलं.

घरी येताना धाकटी मागून चालत होती. कालव्यापाशी आल्यावर तिला राहवेना. "ताई, मला त्याच दिवशी कळलं होतं. तुम्ही टिंबांचं सांगितलंत तेव्हाच. जीभ रेटली नाही माझी."

"तेव्हा सांगून काय होणार होतं. कागद गेला होता."

"आधी सांगायला हवं होतं. काही सोडायचं नसतं, येत नसलं तरी ठोकून द्यायचं. शाळेत सगळ्याच पोरी करतात. मला वाटलं, हे काय सांगायचं."

थोरलीला संताप आला. खरोखरच आला, धाकटीला दोन्ही खांदे धरून हलवावं इतका. रोज बोट ठेवून दाखवत होती, आणि एकदासुद्धा म्हणाली नाही की त्या दिवशी मी समोर नसेन. मग तिलाच वाटलं, हे काय कुणी सांगायला हवं होतं? धाकटी तिथे नसणार, हे तिला ठाऊक नव्हतं का? ठाऊक होतं. तरी हात आवरला गेला होता. संतापालाही अंगात बळ लागतं आणि तिचे पाय सकाळपासून दुखत होते.

"रडू नकोस," ती म्हणाली. "तू पास झालीस. रडत घरात शिरलीस तर त्यांना वाटेल दोघीही गेल्या."

नवरा दारातच होता. त्याने दोघींचे चेहरे बघितले आणि आत यायला वाट दिली. जेवताना म्हणाला, "टिंबं दिलीस म्हणे." धाकटीने सांगितलं असावं. "मीही तेच केलं असतं," तो म्हणाला आणि ताटात बघत राहिला.

सकाळी थोरलीला जाग आली तेव्हा तो उठून बसला होता. सदरा त्याने एकट्यानेच घातला होता. बटणं वरखाली लागली होती.

"मुकादमाकडे निरोप दिलाय," तो म्हणाला.

"मीच जाते. मी उचलीन खोकी."

"बायका घेत नाहीत तिथे."

"डॉक्टर काय म्हणाला होता?"

"डॉक्टर येतोय का गाडी भरायला? ती जुनी चादर फाड. कमरेला बांधून दे."

तिने चादर फाडली. उभी, लांब पट्टी काढली. तो दोन्ही हात चौकटीवर टेकून उभा राहिला आणि ती त्याच्याभोवती फिरत पट्टी गुंडाळत गेली. त्याच्या बरगड्या हाताला लागत होत्या. पडून पडून कंबर पोरासारखी बारीक झाली होती, आणि मणक्याशी अजून तो निळा डाग होता.

"अजून घट्ट."

"श्वास घ्यायला तरी जागा राहू दे."

"नको राहू दे. ओढ."

तिने त्याच्या कुल्ल्याला गुडघा लावला आणि दोन्ही हातांनी ओढलं. चौकटीवरची त्याची बोटं पांढरी पडली. तिने गाठ मारली. बटणं काढून नीट लावून दिली.

धाकटी डबा घेऊन अंगणात पाठमोरी उभी होती. एकाच शेडला जायचं होतं, ती लेबलांकडे नि तो धक्क्याकडे, म्हणून दोघं बरोबरच निघाली. धाकटी मुद्दाम पावलं आखूड टाकत होती. काठी त्याने घरातच ठेवली होती; काठी बघून मुकादमाने परत पाठवलं असतं. वळणावर तो एकदा थांबला, कमरेवर हात ठेवून. धाकटीही थांबली. तिने मागे वळून घराकडे बघितलं नाही. मग दोघं पुढे गेली.

थोरली आत आली आणि भिंतीकडेचं त्याचं अंथरूण गुंडाळायला लागली. तो पडल्यापासून ते दिवसा कधी गुंडाळलं नव्हतं.